बंदी नको, परीक्षा घ्या

‘ज्याला क्लच येत नाही त्याला गाडी येत नाही,’ असं छातीठोकपणे सांगणारे निदान दहा जण आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये रोज सापडतील. मला ते पटत नाही. ऑटोमॅटिक गाडी चालवणारा माणूस रस्ता बघतो, आरसे बघतो, ब्रेक वेळेवर दाबतो, तर तो चांगला चालक आहे. त्याचा डावा पाय रिकामा बसलाय म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. तरीही हा लेख मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून त्या जागी हाताने गिअर टाकायचा बॉक्स बसवणाऱ्यांच्या बाजूने लिहितेय. आणि तोही कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नव्हे, घरच्या अंगणात बसवणाऱ्यांच्या.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की हे काम करणाऱ्याला कायद्याने गुन्हेगार ठरवू नये, त्याला परीक्षेला बसवावं. पास झाला तर तशी नोंद करून गाडी रस्त्यावर सोडावी, नापास झाला तर थांबवावी. आपण सगळे विद्यार्थी आहोत. परीक्षेचा त्रास आपल्याला माहीत आहे आणि तिची गरजही माहीत आहे.

मंडळात कला शाखेची मंडळी जास्त, म्हणून आधी काम काय असतं ते सांगते. पेट्रोल-डिझेलचं इंजिन सुरू झालं की फिरतच राहतं, चाकं मात्र सिग्नलला थांबावी लागतात. फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं यांची फारकत करायची सोय हवी. मॅन्युअल गाडीत ती सोय म्हणजे क्लच. इंजिनामागे फ्लायव्हील नावाची जड लोखंडी चकती असते, तिच्यावर प्रेशर प्लेट क्लच प्लेटला दाबून धरते. पाय दाबला की पकड सुटते, पाय सोडला की पकड बसते. ऑटोमॅटिक गाडीत पकडीच्या जागी तेल असतं. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो, तसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाच्या जोरावर होतं. त्याच्या मागे ग्रहमालेसारखे एकमेकांभोवती फिरणारे दाते, तेलाच्या दाबाने आवळणाऱ्या बारीक प्लेटा, तेल कुठे पाठवायचं ते ठरवणाऱ्या झडपा. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक नावाने पूर्ण ऑटोमॅटिक बॉक्स पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणला. तेव्हापासून अमेरिकेला त्याची सवय लागली आणि आज तिथे क्लचची नवी गाडी शोधावी लागते.

मेस्त्री लोकांच्या भाषेतही हा फरक दिसतो. मॅन्युअल गाडीचं दुखणं सांगायला त्यांच्याकडे किती शब्द आहेत बघा: गिअर पडत नाही, गिअर निसटतो, क्लच घसरतोय, प्लेट जळली, पेडल वर लागतंय, बेअरिंग ओरडतंय. प्रत्येक वाक्यात दुखणं कुठे आहे ते कळतं. जुन्या ऑटोमॅटिकबद्दल आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींकडे एकच वाक्य आहे: ‘बॉक्स गेला.’

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या मामेभावामुळे. दादा अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरी करतो आणि त्याच्याकडे १९९१ सालची व्होल्व्हो २४० आहे. या स्वीडिश कंपनीने २४० चं कुटुंब १९७४ ते १९९३ या काळात बनवलं. खोक्यासारखी चौकोनी, पण टिकाऊ गाडी. अमेरिकेत ती ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल अशा दोन्ही रूपांत विकली गेली. पत्रा तोच, इंजिन तेच, मागचा बॉक्स वेगळा. त्यामुळे भंगारात निघालेल्या मॅन्युअल गाडीचे भाग आपल्या ऑटोमॅटिक गाडीला बसवणं हा तिकडच्या हौशी लोकांचा जुना उद्योग आहे. नाताळच्या सुट्टीत दादाने तो आपल्या गॅरेजमध्ये केला. तिकडची सकाळ म्हणजे इकडची रात्र, त्यामुळे रंगाच्या डब्याला टेकवलेल्या त्याच्या फोनमधून मी बेळगावात बसून ते काम पाहिलं.

पहिला दिवस नुसता काढण्यात गेला. बॅटरीची तार सोडली. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, हे दादाने मला तीनदा ऐकवलं, जसं काही मीच खाली शिरणार होते. तेल काढलं, मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट सोडला. टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट खालच्या छोट्या झरोक्यातून, इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत, एकेक करून काढले. मग तो अख्खा बॉक्स गिअरबॉक्सच्या खास जॅकवर खाली उतरवला. तो माणसाच्या वजनाचा असतो, आणि हातातून सुटला तर खाली माणूसच असतो.

बसवण्याचं काम अधिक बारीक. क्रँकशाफ्टच्या टोकाला पायलट बेअरिंग बसवावं लागतं. ऑटोमॅटिकला ते लागत नाही म्हणून ती जागा रिकामी असते. पातळ पत्र्याच्या फ्लेक्सप्लेटच्या जागी जड फ्लायव्हील येतं. त्यावर क्लच प्लेट बरोबर मध्यावर धरून प्रेशर प्लेट आवळायची. मग पाच गिअरचा बॉक्स, त्याला खालून आधार देणारी वेगळी आडवी पट्टी, वेगळ्या लांबीचा पुढचा शाफ्ट. आत ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल काढून क्लच आणि ब्रेक अशी दोन पेडलं असलेली चौकट. मग क्लचची केबल, गिअरचा दांडा आणि शेवटी वायरिंग.

यात एक गोष्ट मला फार शिकवून गेली. दादाच्या गाडीत इंजिनाचा संगणक फ्लायव्हीलच्या कडेवरचे दाते एका सेन्सरने मोजतो आणि त्यावरून ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो. जुन्या २४० चं असे दाते नसलेलं फ्लायव्हील भंगारात स्वस्तात मिळतं आणि बोल्टला चपखल बसतंही. पण ते बसवलं तर सेन्सरला काही दिसतच नाही आणि इंजिन सुरू होत नाही. म्हणजे भोकं जुळली म्हणून भाग जुळला असं होत नाही. कुठल्या वर्षाची गाडी, कुठल्या वर्षाचा भाग, हे वाचून, विचारून, मोजूनच हे काम करावं लागतं. आपण प्रबंधाला जी तपासणी लावतो तीच ही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे काम वरकरणी गिअरचं असलं तरी त्यात दोन ठिकाणी माणसाच्या जिवाशी संबंध येतो. पहिलं ठिकाण ब्रेकचं. पेडलची चौकट बदलायची म्हणजे ब्रेकचा दांडा सोडून परत जोडायचा. एक पिन नीट लागली नाही तर पुढच्या वळणावर काय होईल ते सांगायला नको. दुसरं ठिकाण गाडी सुरू होण्याचं आणि उभी राहण्याचं. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’ मध्येच सुरू होते, तशी सोय तिच्या वायरिंगमध्ये असते. बॉक्स बदलल्यावर ती तार काही लोक नुसती जोडून मोकळे होतात. मग गिअरमध्ये असलेली गाडी किल्ली फिरवताच पुढे उडी मारते. तिथे क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरणार नाही असा स्विच घालायला हवा. आणि ‘पी’ गेला की उतारावर गाडी धरून ठेवायला हँडब्रेक आणि टाकलेला गिअर एवढंच उरतं. इतकी वर्षं ‘पी’ च्या भरवशावर ढिला पडलेला हँडब्रेक तसाच ठेवून चालणार नाही.

दादाने हे सगळं नीट केलं. पण त्याने ते नीट केलं की नाही हे कुणी तपासलं? कुणीच नाही. मिशिगनमध्ये खासगी गाडी दर वर्षी तपासणीला नेण्याची सक्तीच नाही. दादाच्या जागी दुसरा कुणी निष्काळजी असता, तरी त्याची गाडी त्याच रस्त्यावर, तुमच्या-माझ्या गाडीशेजारून धावली असती. हे स्वातंत्र्य मला नको वाटतं. त्यात ज्याने काम केलं तो मोकळा, आणि धोका शेजारच्याला.

आता आपल्याकडचं बघूया. दादाचे वडील, म्हणजे माझे मामा, इथे बेळगावातच असतात. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्यांनी आयुष्यभर पॅटर्न बनवले. डाव्या गुडघ्याने दगा दिला म्हणून २००५ साली त्यांनी एक छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतली. पंधरा वर्षं झाल्यावर २०२० मध्ये तिच्या नोंदणीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण झालं. पुढे मामांची नजर अधू झाली आणि गाडी मामीकडे आली. मामी खानापूरच्या बाजूला एका शाळेत शिकवते. बसच्या वेळा आणि शाळेच्या वेळा यांचं कधी जुळलंच नाही, त्यामुळे तिची सगळी भिस्त गाडीवर. आणि पुन्हा नूतनीकरणाची वेळ जवळ आली असताना ‘बॉक्स गेला’.

दुरुस्तीचा अंदाज आला ८०,००० रुपये. गाडी विकायला काढली तर साठ-सत्तर हजारसुद्धा कुणी देणार नाही. तसला दुसरा ऑटोमॅटिक बॉक्स भंगारात मिळेना, कारण त्या मॉडेलच्या ऑटोमॅटिक गाड्या मुळात कमी खपल्या. त्याच मॉडेलचे मॅन्युअल बॉक्स मात्र पाहिजे तेवढे. मामी जीपवर गाडी शिकलेली. ती म्हणाली, ‘माझे दोन्ही पाय शाबूत आहेत. क्लच असला तर काय बिघडलं?’

लक्षात घ्या, इथे ‘खऱ्या ड्रायव्हर’ची मिजास नाही, रेसिंगची हौस नाही. एका शिक्षिकेला शाळेत जायचंय आणि एक चांगलं इंजिन, चांगला पत्रा, चांगली चाकं असलेली गाडी एका डब्यासाठी भंगारात जायच्या वाटेवर आहे. हा बदल म्हणजे दुरुस्तीच आहे.

आमच्या गल्लीतले मेस्त्री तयार होते. ‘करूया की. चार दिवसांचं काम. कोण बघायलाय?’ असं ते म्हणाले. आणि इथेच मला अडकायला झालं. कोण बघायलाय, हा प्रश्न मिशिगनच्या गॅरेजमध्ये सुटला नव्हता आणि आमच्या गल्लीतही सुटत नव्हता. तिकडे बघायची पद्धत नाही म्हणून कुणी बघत नाही. आपल्याकडे करायला परवानगीच नाही म्हणून लपूनच करायचं, आणि लपून केलेलं काम कुणाला दाखवता येत नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. २००० सालापर्यंत या कलमात एक वाट होती: मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, मंजुरी घ्यायची आणि बदल करायचा. २००० च्या दुरुस्तीने भाषा कडक झाली. नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही, असं आलं. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए नव्या रूपात आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता आरसी काढून बघा. रंग, इंधन, सीटा, इंजिन नंबर, चासी नंबर हे सगळं आहे, गिअरबॉक्सचा रकाना नाही. मॉडेलच्या नावात मात्र व्हेरियंट येतो आणि त्यात ऑटोमॅटिक असल्याचं दिसू शकतं. मग बॉक्स बदलणं हा कलम ५२ मधला बदल की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. पण नूतनीकरणासाठी गाडी घेऊन आरटीओच्या आवारात उभ्या असलेल्या मामीला वकिली वाद नकोय. तिला सरळ हो किंवा नाही हवंय. शिवाय उद्या अपघात झालाच तर न कळवलेल्या बदलाचं निमित्त करून विमा कंपनी दावा अडवू शकते, तो घोर वेगळाच.

कोर्टाची किंवा सरकारची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. सायलेन्सर कापून रात्री दोन वाजता गल्ली उठवणारे आपण सगळ्यांनी ऐकलेत. गाडीच्या बाहेर येणारी रुंद चाकं, समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे, हे हौसेचे बदल दुसऱ्याच्या जिवावर उठतात. त्यांना आवर घालायलाच हवा. पण दिखाव्यासाठी केलेला बदल आणि गाडी जगवण्यासाठी केलेला बदल यांना एकाच दोरीने बांधलं, तर जो प्रामाणिक आहे त्याचीच पंचाईत होते. ज्याला नियम मोडायचेत तो मोडतोच. ज्याला पाळायचेत त्याची गाडी ताडपत्रीखाली उभी राहते.

मधली वाट असू शकते, हे सांगायला जर्मनीचं उदाहरण पुरे. तिथे मालकाने गाडीत महत्त्वाचा बदल केला, तर मान्यताप्राप्त संस्थेच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे ट्यूफ किंवा डेक्रासारख्या ठिकाणी, गाडी न्यावी लागते. तज्ज्ञ ती तपासतो, ठीक असेल तर बदल गाडीच्या कागदांत नोंदवला जातो. धोका निर्माण करणारा बदल तपासणीशिवाय तसाच ठेवला तर गाडीची रस्त्यावर चालण्याची मान्यताच संपते. काम कुणी केलं याला तिथे महत्त्व नाही, काम कसं झालं याला आहे.

आणि ही पद्धत आपल्याला परकी नाही. पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवताना आपण हेच करतो: मान्यता मिळालेलं किट, मान्यता मिळालेलं केंद्र, आरसीवर नोंद. गॅसची टाकी डिकीत बसवायला कायदा वाट काढतो, आणि कंपनीनेच त्या मॉडेलसाठी बनवलेला गिअरबॉक्स बसवायला काढत नाही, हे मला विचित्र वाटतं. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करून नंतर त्याला मंजुरी घेण्याची तरतूदही कायद्यात आहे, आणि ते योग्यच आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने गाड्यांतले बदल, त्यांची मानकं आणि मंजुरीच्या अटी ठरवायचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. म्हणजे चौकट तयार आहे, त्यात गिअरबॉक्सचं दार बसवायचं बाकी आहे.

परीक्षेत काय विचारावं? माझा अभ्यासक्रम साधा आहे. बसवलेला बॉक्स त्याच मॉडेलचा, कंपनीने त्याच इंजिनाला दिलेला असावा, आणि तो कुठून आणला त्याची पावती असावी. ब्रेकचं पेडल, दांडा आणि पिना तपासाव्यात. भरलेली गाडी चढावर नुसत्या हँडब्रेकवर धरून दाखवावी. क्लच न दाबता किल्ली फिरवावी. स्टार्टर फिरला तर नापास. रिव्हर्स टाकल्यावर मागचा पांढरा दिवा लागतो का, स्पीडोमीटर बरोबर दाखवतो का, बॉक्स धरणाऱ्या पट्टीचे बोल्ट कसे आहेत, कुठे जोड मारून वेल्डिंग केलंय का, तेल गळतंय का, वेगात शाफ्ट थरथरतो का, हे बघावं. एक तास पुरेल. शेवटी काम करणाऱ्याचं नाव, सही आणि शिक्का, आणि आरसीवर एक ओळ.

यावर एक आक्षेप नक्की येणार, आणि आमच्या घरातच आला. मामा म्हणाले, ‘परीक्षा ठेवली तर सही विकत मिळेल. आपल्याकडे काय होत नाही?’ खरं आहे. पण बंदी असली म्हणून सही विकली जात नाही का? फरक एवढाच, की बंदीत विकत घेतलेल्या सहीने ब्रेकची पिन कुणी बघत नाही. परीक्षेत निदान काय बघायचं होतं ते कागदावर असतं, आणि नंतर काही झालं तर कुणी बघितलं नाही हे विचारता येतं. पेपर फुटतात म्हणून विद्यापीठं परीक्षा बंद करत नाहीत, पेपर सांभाळायला शिकतात.

दुसरा आक्षेप, की घरी काम करणाऱ्याला काय कळतं? काहींना काहीच कळत नाही, हे मान्य. म्हणून तर परीक्षा. पण शिक्षण नाही म्हणजे ज्ञान नाही, हा आपल्या सुशिक्षितांचा जुना गैरसमज आहे. या शहराचं पोट फाउंड्र्यांनी आणि मशीन शॉपनी भरलंय. मामांसारखी माणसं लाकडाचा पॅटर्न करताना ओतलेलं लोखंड थंड होऊन किती आकसेल याचा हिशेब धरून तो तेवढा मोठा करत आली. त्या हातांवर विश्वास ठेवायला आपल्याला कागद हवा असेल तर कागद द्यावा, पण तो मिळवायची सोय तरी असू द्या.

यातून सुटल्यासारखं वाटेल अशा नव्या गाड्यांबद्दलही दोन शब्द. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि एएमटी हा शब्द आपल्याकडे घरोघरी गेला. एएमटी ही दिसायला ऑटोमॅटिक, पण तिच्या आत नेहमीचाच मॅन्युअल बॉक्स आणि नेहमीचाच क्लच असतो. पायाचं आणि हाताचं काम संगणकाच्या हुकमाने यंत्र करतं. म्हणजे ती मॅन्युअल करणं सोपं असायला हवं. पण गिअरचा संगणक काढला की इंजिनाचा संगणक त्याच्या निरोपाची वाट बघत बसतो, आणि त्याची समजूत काढायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. यापुढचा अडथळा पान्याचा नाही, पासवर्डचा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये मतदान करून गाडीची माहिती मालकाला आणि बाहेरच्या मेस्त्रीला मिळण्याचा हक्क मागितला. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनं हा एक विभाग आहे. चांगली गोष्ट आहे. पण माहिती मिळूनही काम करायला कायदेशीर वाट नसेल, तर तो हक्क वाचनापुरताच राहील.

‘यात साहित्य मंडळाचा काय संबंध?’ असं संपादकांनी विचारलं होतं. संबंध आहे असं मला वाटतं. आपण इथे कविता उलगडतो, कथा सोडवून बघतो, कुठला शब्द कुठे का बसला ते विचारतो. वस्तूंबद्दल मात्र आपण फक्त ग्राहक झालोय. बंद डबा आणायचा, बिघडला की बंद डबा टाकायचा. उघडून बघायची इच्छा मरू नये असं वाटत असेल, तर जो उघडतो त्याच्या बाजूने बोलायला हवं, आणि त्याने ते परत नीट लावलं का हेही त्याला विचारायला हवं. यातलं एकच केलं तर ते अर्धंच काम होईल.

मामीची गाडी अजून चिंचेखाली उभी आहे. मेस्त्रींना मी ही सगळी तपासणीची यादी वाचून दाखवली. मला वाटलं होतं ते वैतागतील. ते शांतपणे ऐकून म्हणाले, ‘बरोबर आहे की. मी माझं नाव लिहून द्यायला तयार आहे. पण लिहू कुठं? तसला फॉर्म तरी दाखवा.’

तो फॉर्म आपण मागायला हवा.